मागच्या दारचा जिताडा

ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. माइकवर जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. फक्त मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, त्या काढल्यात.

तर झालं असं की आमचा एक क्लायंट आहे इंग्लंडमधला. रात्री साडेनऊचा कॉल. बिल्ड लागलं होतं आणि प्रोग्रेस बार एकोणनव्वद टक्क्यांवर येऊन बसला होता. अशा वेळी लोक हवामानावर बोलतात. तिकडचा एक सिनियर माणूस, वय असेल पंचावन्न, त्याने एकदम स्क्रीन शेअर केली आणि म्हणाला, रविवारी मी इथे फिरायला गेलो होतो. तिकडच्या सरकारी नकाशावर एका शेतात एक छोटा निळा चौकोन होता आणि शेजारी जुन्या बायबलसारख्या गॉथिक अक्षरांत एकच शब्द: 'मोट'. तिथल्या नकाशांवर पुरातन वस्तू अशाच वेगळ्या अक्षरांत छापतात म्हणे.

मोट म्हटल्यावर मला विहिरीवरची चामड्याची मोट आठवली, बैल आठवले. त्याचा मोट म्हणजे खंदक. सातशे वर्षांपूर्वी तिथे कुणाचं तरी घर होतं, घराभोवती चारी बाजूंनी पाणी आणि बाजूला मासे ठेवायचं तळं. आता घर नाही. पाण्यात बदकं आणि काठावर खाजकुयलीसारखं कसलंतरी झुडूप. तो इतक्या प्रेमाने सांगत होता की मीही काहीतरी बोलावं म्हणून बोलून गेलो, "आमच्या मामाच्या स्वयंपाकघरामागे अजून एक आहे. चालू स्थितीत."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी गुगल अर्थवर पेण तालुका उघडला, खाडीच्या बाजूने झूम केलं आणि गाव दाखवलं. घर, घरामागे पाण्याचा चौकोन. शेजारचं घर, त्याच्यामागे चौकोन. पुढच्या गावातही तेच. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्याने विचारलं, "हे तुमच्या नकाशावर काय नावाने आहेत?"

आज जे काही बोलणार आहे ते सगळं या एका प्रश्नामुळे.

आधी तिकडचं थोडक्यात सांगतो. खंदक म्हटलं की आपल्या डोक्यात लढाई येते. चाकणचा संग्रामदुर्ग, नगरचा भुईकोट, तोफा, वेढा. इंग्लंडमधल्या बहुतेक खंदकांचा लढाईशी फार संबंध नव्हता. तिथे असे खंदक असलेल्या सुमारे ६,००० जागा सापडल्यात. त्यातले सगळ्यात जास्त १२५० ते १३५० या शंभर वर्षांत खोदले गेले, आणि सगळ्यात दाट आहेत एसेक्स आणि सफोक या पूर्वेकडच्या चिकणमातीच्या जिल्ह्यांत. किल्ल्यांना खंदक होतेच. बोडियम नावाचा एक किल्ला आहे, १३८५ साली परवानगी घेऊन बांधलेला, पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो, वॉलपेपरवर तुम्ही बघितलाही असेल. त्याच्याबद्दलसुद्धा अभ्यासक आजवर भांडतायत, की हा लढायला बांधला की मिरवायला. पण हजारो खंदक साध्या जमीनदारांच्या, बऱ्या परिस्थितीतल्या शेतकऱ्यांच्या, कुठे मठांच्या घराभोवती होते. सैन्याने थांबावं इतके ते मोठे नाहीतच. चोर, भटकी जनावरं, शेजाऱ्याची डुकरं एवढ्यांना पुरेसे. आणि गावाला दिसलं पाहिजे ना, की इथे कोण राहतं!

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा 'मोट' शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, आणि त्याचा मूळ अर्थ खड्डा नाहीच. मूळ अर्थ मातीचा उंचवटा! चिकणमातीत पाणी तुंबतं, म्हणून घर उंचावर हवं. उंचवट्याला माती हवी, म्हणून बाजूला खोदायचं. खोदलं की पाणी भरतं. पाणी भरलं की मासे. एकाच कामाचे दोन भाग, वर घर आणि खाली पाणी. हळूहळू शब्द वरून घसरून खाली पाण्यात पडला.

हे वाचलं आणि मी आईला फोन केला. कारण आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, घराबद्दल हेच सांगितलं होतं. "जोत्याला माती कुठनं आनायची? तितंच खनली."

आता खारेपाट. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या बाजूच्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. धरमतरच्या खाडीला लागून जी सपाट जमीन आहे ती निसर्गाने शेतीसाठी दिलेली नाही. भरतीला तिथे समुद्र यायचा. लोकांनी मातीचे बांध घातले आणि समुद्राला बाहेर ठेवलं. बांधात जागोजागी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडायची, आतलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला बंद, खारं पाणी आत येत नाही. दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाली की भात होतो, तोही खारं सोसणारा. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून पनवेल १, २, ३ अशा भाताच्या जातीच निघाल्यात.

बांध कोण राखायचं? पूर्वी गावंच राखायची. त्या पद्धतीला जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने आपल्या वाट्याची माती टाकायला यायचं. उधाणाच्या रात्री बांधाला भोक पडलं तर कंदील घेऊन सगळे पळायचे. भोक सकाळपर्यंत राहिलं तर त्याची खांड होते, आणि खांड एकदा रुंदावली की माणसाच्या हातात राहत नाही. (आमच्याकडे प्रॉडक्शन डाउन झालं की रात्री दोनला फोन वाजतो, तसंच. फरक एवढाच की त्यांना दुसऱ्या दिवशी कॉम्प-ऑफ नव्हता.)

या सगळ्या खाऱ्या पसाऱ्यात गोडं पाणी म्हणजे फक्त पाऊस. म्हणून घरामागचं तळं. जोत्यासाठी खोदलेला खड्डा, त्यात चार महिने साठलेलं पाणी. धुणी, भांडी, गुरं, परसातली वांगी-मिरच्या सगळं त्यावर. आणि त्यात जिताडा.

जिताडा तुम्हाला माहीत असेलच. बंगाली लोक ज्याला भेटकी म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणतात तोच हा मासा. हॉटेलच्या मेन्यूत परदेशी नाव लावून तिप्पट किंमत लावतात तेव्हा ओळखू येत नाही एवढंच. हा मासा फार हुशार आहे. खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्यातही जगतो. जन्माला येतो तेव्हा नर असतो, आणि काही वर्षांनी मोठा झाला की त्यातल्या बहुतेकांची मादी होते. खरंच! गंमत म्हणून सांगत नाहीये. पण अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यातच जावं लागतं. गोड्या तळ्यात तो वाढतो, वजन धरतो, पण तिथे त्याला पोरं होत नाहीत.

म्हणजे बघा, तळं घरामागे असलं तरी दरवर्षी पिल्लं खाडीतूनच यायला हवीत. पावसाळ्यात उधाणाबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं खाडीकाठी, उघाडीजवळच्या पाण्यात येतात. आजोबा आणि मामा ती जुन्या मच्छरदाणीच्या कापडाने पकडायचे आणि हंड्यातून आणायचे. मोठी-लहान एकत्र ठेवायची नाहीत, कारण मोठं लहानाला गिळतं. मी चौथीत असताना हंडा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी पैज लावली की मी मोजून बावीस आणलीत. घरी मोजली तर सतरा. आजोबा इतके हसले! वाटेत पाच जणांचं जेवण झालं होतं.

तळ्यात त्याला निवट्या, बारीक कोलंबी, खाडीचे फुटकळ मासे टाकायचे. शांत, हिरवट पाणी, आणि संध्याकाळी खायला टाकलं की एकदम 'टॉक' असा आवाज. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. दीडेक वर्षात दोन किलोचा होतो. पण आजोबांना घाई नसायची. तीन-चार वर्षांचा, पाच किलोच्या पुढचा एखादा कायम ठेवलेला असायचा. तो आम्ही खायचा नाही असं ठरलेलं.

का? कारण तो साहेबाचा.

खारेपाटात हे उघड गुपित आहे. कचेरीत काम अडलं, जमिनीचा कागद हवाय, कुणाची सही राहिलीये, की पाग टाकायचा. जिताडा काढायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि एसटीने साहेबाच्या दारात. पैसे दिले तर लाच होते. जिताडा दिला तर पाहुणचार. लहानपणी मला वाटायचं की साहेब नावाची एक जात असते आणि ती फक्त जिताडा खाते. एकदा आमच्या घरचा सहा किलोचा गेला होता, आजोबांच्या एका सहीसाठी. कुणाची सही, कसली, ते सांगत नाही. सही मिळाली पण तारीख चुकीची पडली. मग दुसरा गेला.

आता परत इंग्लंडला येतो, कारण तिथेही मला हेच सापडलं. तिकडे आपल्या उलट. आपल्याकडे श्रावण लागला की मासे बंद, त्यांच्याकडे उपासालाच मासे. शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, शिवाय इतर सण, असे वर्षातले बरेच दिवस मांस बंद असायचं. गरीब माणूस खारवलेला हेरिंग खायचा. ताजा, गोड्या पाण्यातला ब्रीम किंवा पाइक हा मोठ्यांच्या ताटातला मासा, आणि महागही. तेराव्या शतकातला राजा तिसरा हेन्री आपल्या तळ्यांतले मासे मर्जीतल्या लोकांना पाठवायचा, त्यांच्या तळ्यात सोडायला जिवंतसुद्धा पाठवायचा. म्हणजे साहेबाचाच जिताडा, फक्त उलट्या दिशेने! वरून खाली आला तर कृपा, खालून वर गेला तर भेट. तळी पण दोन प्रकारची होती. एक मासे वाढवायचं, आणि एक छोटं, घराजवळचं, ताटात जाईपर्यंत जिवंत ठेवायचं. आजोबांनी पाच किलोवाला वेगळा ठेवलेला, तसं. मासेचोरीचे खटलेही तिथे भरपूर चाललेत.

मग १३४८ला प्लेग आला, निम्म्याच्या आसपास माणसं गेली, नवीन खोदकाम जवळपास थांबलं. १५३६ ते १५४० मध्ये राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले, त्यांची तळी पडली. पुढे बरेच खंदक गाळाने भरले, गाई पाणी पीत राहिल्या.

आमचं तळं कसं पडलं ते सांगतो.

मी दहावीत होतो. गणपतीच्या आधीचं उधाण. बांधाला खांड गेली. जोळ केव्हाच मोडली होती, कारण अर्धी पोरं कंपन्यांत, मुंबईत, आणि बांध हे सरकारचं काम झालेलं. गाव धावलं, पण पन्नास माणसांच्या जागी अकरा होती, त्यात सात साठीच्या पुढची. नंतर कागद इकडून तिकडे फिरले. एक दुरुस्ती झाली, ती पुढच्या वर्षी परत गेली. खारं पाणी शेतात दोन पावसाळे राहिलं. मग तिवरं उगवली. मी गुगल अर्थमध्ये जुने फोटो बघायचा स्लायडर आहे ना, तो मागे-पुढे करून बघितला. आधी बांधांच्या रेघा, खाचरं, वहीच्या पानासारखी. मग सगळं करडं. मग हळूहळू हिरवं, पण भाताचं हिरवं नाही. मामाची शेती कुठे होती ते आता मामाला बोट ठेवून सांगता येत नाही.

इथे माझं मत दोन्हीकडे ओढलं जातं, म्हणून सांगतोच. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली. नवी मुंबईत राहणारा माणूस म्हणून मला तो निकाल हवाच होता, आमच्याकडे रात्रीत डंपर येऊन भराव टाकतात ते मी बघितलंय. पण मामाच्या सातबाऱ्यावर भात आहे आणि जमिनीवर जंगल आहे, ते तोडता येत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही. चूक तिवरांची नाही. बांध वेळेत बांधला असता तर ती तिथे आलीच नसती.

तळं मात्र राहिलं. ते गावात, थोडं उंचावर. पाणी आता मार्चनंतर मचूळ होतं, वांगी होत नाहीत. पण जिताड्याला मचूळ चालतं. उलट आवडतं. मामाने भाताऐवजी जिताडाच धरला. दरवर्षी पिल्लं सोडतो, दिवाळीनंतर गिऱ्हाईक घरी येऊन घेऊन जातं.

आता माझी चूक सांगतो. अटल सेतूचं उद्घाटन झालं १२ जानेवारी २०२४ला. मार्च महिन्यात उरण, पनवेल आणि पेणमधल्या १२४ गावांसाठी नवीन शहर जाहीर झालं, ज्याला सगळे तिसरी मुंबई म्हणतात. घरी एकदम गुंठ्याची भाषा सुरू झाली. रविवारी गाड्या यायला लागल्या, पांढरे शर्ट, सनग्लासेस. तेव्हा मामाने मला विचारलं होतं, भाचा शिकलेला, बीटेक, उलव्यात फ्लॅट घेतलेला. "बाला, तल्याचा काय करायचा, तू सांग." आणि मी फोनवर, समोर दुसऱ्या स्क्रीनवर कोड उघडा असताना, सांगितलं होतं: "मामा, भराव टाका. सपाट जागेला भाव येतो. समोर दोन गाळे काढा."

अर्धं मिनिटही विचार केला नव्हता.

मामा नुसतं "बरा" म्हणाला. भराव टाकला नाही. का टाकला नाही ते त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि मग त्या रात्री कॉलवर इंग्रज म्हणाला, तुमच्या नकाशावर हे काय नावाने आहेत.

मी दुसऱ्या दिवशी मामाचा सातबारा ऑनलाइन काढला. भाताचे गट वेगळे. घराजवळच्या त्या तुकड्यात थोडं क्षेत्र पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक, एवढंच. 'तळं' हा शब्द कुठेही नाही. विहीर असती तर तिची नोंद झाली असती. आंब्याचं झाड असतं तर भूसंपादनात त्याचं वेगळं मूल्य धरलं असतं. पण तीन पिढ्या ज्या खड्ड्यातून पाणी प्यायलो, ज्याच्या मातीवर घर उभं आहे, ज्यातल्या माशांवर आत्ता मामाचं घर चालतं, तो कागदावर नालायक जमीन आहे.

हा प्रश्न मला एकट्याला सुचलेला नाही. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांनी वीज प्रकल्पासाठीच्या भूसंपादनाला विरोध केला, तेव्हा त्यांच्याही बाजूने जिताड्याची तळी उभी होती. जमीन पडीक नाही, इथून आमचं पोट भरतं, हे दाखवायला. आणि याच खारेपाटात १९३३ ते १९३९, सहा वर्षं, चरीचा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी खोतांची जमीन कसायचीच बंद केली. तेव्हाही एक मोठी गोष्ट हीच होती की जो राबतो त्याचं नाव कागदावर नाही. शाळेत आम्हाला हे शिकवलं नव्हतं. मला आजोबांकडून कळलं, तेही अर्धवट, कारण त्यांच्या वडिलांनी त्या काळात जंगलातून लाकूडफाटा आणून विकला होता आणि त्याची त्यांना लाज वाटायची.

इंग्लंडमध्ये अशा खंदकांपैकी आणि तळ्यांपैकी पुष्कळांना १९७९च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षण आहे. परवानगीशिवाय तिथे खणता येत नाही. गंमत बघा, आपला महाराष्ट्र खारजमीन विकास कायदासुद्धा १९७९चाच. तिथे मेलेलं तळं नकाशावर वेगळ्या अक्षरांत छापलंय आणि इथे जिवंत तळ्याला नाव नाही. ते लोक फार भारी आणि आपण वाईट, असं म्हणत नाहीये हां. तिकडेही नांगराखाली पुष्कळ खंदक गेले. पण कुणीतरी पायी फिरून मोजले, नावं दिली, यादी केली, म्हणून आज सुमारे सहा हजार हा आकडा तरी सांगता येतो. पेणच्या खारेपाटात घरामागची तळी किती? मी दोन रात्री सॅटेलाईटवर मोजायला बसलो. एका गावात एकेचाळीस झाली. मग झोप आली.

आणि हो, आपल्या शहरालाही तळी लागतात, हे विसरू नका. सिडकोने नवी मुंबईत होल्डिंग पॉन्ड बांधले ते याच तत्त्वावर. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की शहराचं पाणी पॉन्डमध्ये थांबतं, झडपा बंद, ओहोटीला उघडतात. डच पद्धत, असं सांगतात. आपली उघाडीच, काँक्रीटमधली! त्यातही गाळ साठलाय, तिवरं उगवलीत, आणि काढायची की नाही यावर तेच भांडण. पेणच्या बांधावर जे झालं त्याचीच मोठी कॉपी.

पाण्याचं तर बोलायलाच नको. माझ्या उलव्याच्या नळाला हेटवणे धरणाचं पाणी येतं. हेटवणे पेण तालुक्यात आहे. एप्रिल-मेमध्ये खारेपाटात टँकरची वाट बघत हंडे लागतात, तेव्हा मी शॉवरखाली उभा असतो. मामीला एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "मंग काय, आंगोल नको करू काय?"

तर मागच्या रविवारी गेलो. अटल सेतूने नाही, जुन्याच रस्त्याने, कारण मला वडखळला थांबून पोह्याचे पापड घ्यायचे होते. (जाता जाता: पेण तालुक्यातही एक वाशी आहे, तिथेही खारेपाट आहे. मॅपवर 'वाशी' टाकून निघालात तर नीट बघा, माझ्या एका मित्राने मॉलऐवजी बांध बघितला होता.) मी टेप नेली होती, पन्नास मीटरची, आणि फोनवर जीपीएसचं ॲप. मामाला सांगितलं तळं मोजायचंय. त्याला वाटलं गिऱ्हाईक मिळालं.

"किती देतय?"

"मामा, विकायला नाही. कागदावर आणायला."

तो काही बोलला नाही, पण टेपचं दुसरं टोक धरून पलीकडे गेला. बावीस मीटर लांब, चौदा रुंद. म्हणजे तीन गुंठ्यांहून थोडं जास्त. चारी कोपऱ्यांचे फोटो काढले, तारीख-वेळ-लोकेशन फोटोवर येईल असे. मामाने मग स्वतःहून एक वही आणली. त्यात २००९पासून दर वर्षी पिल्लं किती सोडली, कितीला विकली, कुणाला, सगळं लिहिलेलं. निळ्या पेनने. दोन-तीन ठिकाणी किंमतीच्या जागी नुसतं 'साहेब' असं लिहिलंय. मी म्हटलं, मामा, ही वही सोन्याची आहे. तो म्हणाला, उधारी विसरायला नको म्हणून लिहितो.

पानं स्कॅन केली. अर्ज लिहितोय: प्रत्यक्ष पाहणी करून तळ्याची नोंद घ्यावी, सोबत मोजमाप, फोटो, वही. मराठीतून अर्ज लिहिणं कोड लिहिण्यापेक्षा अवघड आहे, तीन वेळा फाडला. तुमच्यापैकी कुणाच्या आजोळी, गावी असं तळं असेल तर कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा, जीपीएस चालू ठेवून. घरात जुनी वही, पिल्लं विकत घेतल्याची पावती, काहीही असेल तर जपा. आणि कुणी अशी नोंद करून घेतली असेल तर मला कळवा, कुठल्या शब्दांत करून घेतलीत ते. आम्ही 'मत्स्यतळे' लिहिलंय, मामा म्हणतो 'जिताड्याचा तला' लिहा.

नोंद झाली तरी मामा ते ठेवेल की विकेल, मला माहीत नाही. त्याच्या मुलीचं लग्न आहे पुढच्या वर्षी, आणि त्या पांढऱ्या शर्टवाल्यांचा आकडा खरंच मोठा आहे. या वेळी त्याने मला विचारलं नाही आणि मी सल्ला दिला नाही. निघताना अंधार पडला होता. मामीने डबा दिला, मी गाडीत ठेवायला गेलो तर मागून तो आवाज आला. टॉक.

मामा तळ्याच्या काठावर उभा होता, हातात निवट्यांचं डबडं. म्हणाला, "त्यो मोठा हाय. चार वर्साचा."

मी विचारलं, "साहेबाचा?"

"अर्ज देतंयस ना," तो म्हणाला, "लागंल."